तेहतीसचा वेग

ये, बस. आधी ते दार लोटून घे. कडी नको, नुसतं लोट. तो आत पडलाय. झोपलाय म्हणायचं, पण हल्ली त्याची झोप कशी असते ते मला उमगत नाही, म्हणून आवाज जरा बेतानंच ठेव. आणि मोठा दिवा नको लावूस, हा टेबलावरचा पुरे आहे.

शनिवारचं विचारायला आलीस ना? गल्लीच्या उत्सवात आर्सेसियोला गायला उभं करायचं, असं तुमच्या मंडळाचं ठरलंय म्हणे. पाववाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, की म्हाताऱ्याचा गळा असा गोड होता आणि इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही! बायको मी आहे, पोरी. सगळ्यांत जास्त नवल मला वाटायला हवं. मला नवल नाही वाटत, मला दुसरंच काहीतरी वाटतं. पहिल्यापासून सांगते. तुझं लुलादाचं सरबत घे, बर्फ वितळतोय.

त्या दिवशी मी अलामेदाच्या बाजारात गेले होते. मासळी ताजी होती, कोळणीशी हुज्जत घालून चांगला मोठा मासा घेतला, आणि पिशवी सांभाळत घरी आले तर दार सताड उघडं. बैठकीत हे एवढं लाकडी खोकं. दोन हमाल घाम पुसत उभे, आणि आमचा म्हातारा अनवाणी, सदऱ्याची बटणं उघडी, खोक्याभोवती प्रदक्षिणा घालतोय. यामिलनं, आमच्या मुलानं, जर्मनीहून टर्नटेबल पाठवलं होतं, रेकॉर्डी वाजवायचं यंत्र. तो तिकडे अशाच यंत्रांच्या कारखान्यात आहे. बापाच्या पंचाहत्तरीला काय द्यावं, तर हे.

मी स्वभावानं संशयी, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आई म्हणायची, ही पोर चर्चमध्ये गेली तरी आधी खांबामागे कोण आहे ते बघते. पण खरं सांगते, ते यंत्र खोक्यातून बाहेर आलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याची ती फिरती थाळी बघ, ती तिथे. दोघांनी मिळून उचलून ठेवली, इतकी जड. सगळं काळं, कुठे एक स्क्रू दिसत नाही. जोडायला कंपनीचा एक मुलगा आला होता. त्यानं काचेच्या नळीतल्या बुडबुड्यानं टेबलाची पातळी पाहिली, सुईचं वजन इवल्याशा तराजूवर केलं, आणि जाताना म्हणाला, आजी, रेकॉर्डवर जे आहे तेवढंच हे ऐकवेल, कमी नाही आणि जास्त नाही. मला ते बोलणं आवडलं नाही. कोणी मागितलं होतं सगळंच्या सगळं?

आमचं जुनं यंत्र गुणगुणायचं, खरखरायचं. लावलं की घरात कोणीतरी केळी तळायला घेतल्यासारखं वाटायचं. हे नवं नुसतं गप्प. सुई टेकली तरी आवाज नाही, आणि मग एकदम खोलीत माणसं. गाणारीनं ओठ ओले केले ते ऐकू आलं. कोणाची खुर्ची करकरली. कोणीतरी मागे खाकरलं. आर्सेसियोच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "म्हातारे, सगळे इथे आलेत बघ." माझ्या मात्र अंगावर काटा आला. आले ते ठीक, पण परत जातात की नाही, हे कोणी पाहायचं?

आणखी एक गोष्ट मला खटकली. बंद केल्यावर ती थाळी थांबायचीच नाही. बटण दाबलं, दिवा विझला, तरी आपली फिरतेय. मी भांडी घासून यायचे तरी फिरत असायची. यामिल फोनवर हसला. म्हणाला, आई, जड आहे ना, जोर ओसरायला वेळ लागणारच. असेल. पण बंद केल्यावर जे थांबत नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

आता जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुला पुढचं कळायचं नाही. तुझ्या सासऱ्यांना विचार, तेही नाचायला यायचे. सगळ्या कोलंबियात आपल्या काली शहराची एक खोड ठाऊक आहे. न्यूयॉर्कची, पोर्तो रिकोची गाणी आमच्या पायांना मंद वाटायची. मग तेहतीसवर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर, वाजवायची लाँग प्ले आमची पोरं सरळ पंचेचाळीसवर लावायची. बाजा धावत सुटायचा, गाणाऱ्याचा आवाज बारीक व्हायचा, पोरीसारखा, आणि आमचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. आर्सेसियो तेव्हा 'फारोल' नावाच्या नाचघरात रेकॉर्डी लावायचा. वीस-बावीसचा पोरगा, काटकुळा, चिमणीसारखा आवाज, पण त्या यंत्राजवळ उभा राहिला की राजा. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की रस्त्यापलीकडे ऐकू जावी. मी त्या शिट्टीवर भाळले, बाकी काही भाळण्यासारखं नव्हतं.

तेव्हा एलादियो कुएवास नावाच्या पोर्तो रिकोच्या गायकाची एक रेकॉर्ड अशी काही चालली होती की विचारू नकोस. आम्हाला तो कसा ठाऊक? तर पंचेचाळीसवरचा. बारीक, कोवळा, चपळ आवाज. आम्ही मुली म्हणायचो, अठरा वर्षांचा असेल, सडपातळ असेल. आणि एक दिवस फारोलच्या मालकानं जाहीर केलं की एलादियो स्वतः येणार. त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती.

आला कोण? एक काळासावळा, जाडजूड, पन्नाशीचा माणूस. टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरून वाकला, आणि गायला लागला. जाड, खोल, संथ आवाज. तेच गाणं, पण आमच्या ओळखीचं काही नाही त्यात. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, हा तो नाही. मग सगळेच म्हणाले. मालक घाबरला, त्यानं आर्सेसियोला सांगितलं, रेकॉर्ड लाव, होऊन जाऊ दे खऱ्याखोट्याचा निवाडा. आर्सेसियोनं लावली. पंचेचाळीसवर, रोजच्यासारखी. तो बारीक आवाज आला आणि हशा पिकला. मीही हसले, सगळेच हसत होते.

तो माणूस स्टेजवरून उतरून आर्सेसियोच्या टेबलाशी आला. मी जवळच होते, मला ऐकू आलं. म्हणाला, "पोरा, तिच्या वेगानं लाव."

आर्सेसियोचा हात वेगाच्या कांडीवर होता. ती कांडी एवढीशी सरकवायची होती. त्यानं नाही सरकवली. हात उचलला, दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. मग काय, अख्खं फारोल शिट्ट्या मारायला लागलं. तो माणूस टोपी तशीच छातीशी धरून बाहेर गेला. पुढे कानावर आलं की तो त्याच्या घरी पोचलाच नाही. कोणी म्हणे आगगाडीच्या रुळांवरून चालत गेला, कोणी म्हणे नदीकडे. आमच्यात तो विषय निघायचा नाही. रेकॉर्ड मात्र राहिली, आणि आम्ही ती वाजवतही राहिलो. लग्नात वाजवली, यामिलच्या बारशाला वाजवली. पंचेचाळीसवर.

तर नवं यंत्र आल्याच्या त्याच आठवड्यात आर्सेसियोनं ती बाहेर काढली. दुपारची वेळ, मी कोथिंबीर निवडत होते. त्यानं पंचेचाळीसचं बटण दाबलं, दिवा लागला पंचेचाळीसचा, आणि थाळी संथपणे फिरायला लागली. तेहतीसनं. त्यानं बंद केलं, परत दाबलं. तेच. दुसरी रेकॉर्ड घातली, ती धावली पंचेचाळीसवर. परत एलादियोची घातली, परत मंद. मी म्हटलं, बिघडलंय, परत पाठव. तोवर सुई गाण्याला लागली होती.

तोच आवाज, पोरी. पन्नासहून जास्त वर्षांनी, आमच्या बैठकीत. जाड, खोल, संथ. टोपी छातीशी धरून तो माणूस त्या दोन स्पीकरांच्या मधोमध उभा आहे, असं मला वाटलं. माझ्या हातातली जुडी खाली पडली. मी म्हटलं, "आर्सेसियो... हा तर तोच." त्यानं मान हलवली. चेहरा पांढराफटक झाला होता त्याचा. मग गाणं संपल्यावर त्यानं सुई उचलून पहिल्यापासून लावली. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. रात्री मासा केला होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर तो मंदावायला लागला.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. चमचा ताटातून तोंडापर्यंत जायला वेळ लागायचा. बोलताना दोन शब्दांमध्ये मोठी फट पडायची. दाढी करायला बसला की पाणी गार व्हायचं. जन्मभर पंचेचाळीसवर जगलेला माणूस तो, त्याला गप्प बसवायला मला ओरडावं लागायचं. पहिल्यांदा वाटलं रुसलाय. मग, हसशील तू, मला वाटलं कोणी बाई आहे. पंचाहत्तरीत! त्याचे खिसे तपासले मी. खिशात पेपरमिंट निघाली, बाकी काही नाही. आणि दिवसभर तो त्या यंत्रासमोर बसलेला, थाळीकडे बघत. बंद करू द्यायचा नाही. रेकॉर्ड संपली तरी थाळी फिरत ठेवायचा.

शेवटी मार्लेनला बोलावलं. माझी भाची, आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिनं त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. मग घड्याळ कानाला लावून पाहिलं. परत मनगट धरलं. म्हणाली, मावशी, मिनिटाला तेहतीसच ठोके लागतायत, हा माणूस चालतोय कसा? लगेच इस्पितळात नेलं. तिथे छातीला तारा लावल्या, कागद काढले. डॉक्टरीण म्हणाली, हृदयात दोष काही नाही, नुसतं सावकाश चाललंय, सोमवारी या, एक लहानसं यंत्र बसवू, ते गती धरून ठेवेल. घरी एक होतंच की, गती धरून बसलेलं.

घरी आलो तर थाळी फिरतच होती. त्याला खुर्चीत बसवलं. मार्लेनचं बघून मीही त्याचं मनगट धरलं, आणि सहज नजर थाळीकडे गेली. रेकॉर्डच्या मधल्या लाल कागदावर एक कोपरा फाटलाय. तो कोपरा माझ्या समोर आला की बोटाखाली एक ठोका. परत समोर आला, परत ठोका. मी कितीतरी वेळ तशी उभी राहिले, एकदा तरी चुकेल म्हणून. चुकला नाही.

मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबून यंत्र बंद केलं. थाळी हळूहळू मंदावायला लागली, आणि बोटाखालचा ठोकाही लांबत चालला. त्याचे ओठ निळे पडले. डोळे माझ्याकडे, पण बघत कुठेतरी लांब. मी धडपडत बटण परत दाबलं. थाळीनं वेग धरला तसा त्यानं श्वास घेतला.

बघ, म्हणजे मला आता थांबवताही येईना. त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून त्या यंत्राची राखण केली. जे मला घरात नको होतं, त्याचीच. वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून खुर्च्या आडव्या लावल्या. यामिलला फोन केला, तर म्हणाला, आई, तू थकलीयेस, झोप काढ. सोमवारपर्यंत कसं तरी निभावायचं, मग डॉक्टरणीचं यंत्र बसलं की याला हातोड्यानं फोडायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी दुपारी वारा पडला. रोज चारनंतर डोंगरावरून झुळूक येते ना, ती आलीच नाही. आकाश काळं झालं, कुठेतरी वीज कोसळली, आणि गल्लीतले दिवे गेले. पंखा गेला. फ्रिजची घरघर गेली. स्पीकर मुके झाले.

थाळी फिरत होती. जोर होता तिच्यात, पण मला ठाऊक होतं की तो ओसरणार. रेकॉर्डवर सुई तशीच टेकलेली. आणि त्या शांततेत, पोरी, वीज नसताना, स्पीकर बंद असताना, सुईतूनच आवाज येत होता. अगदी बारीक, डासाएवढा. कान जवळ नेला की एलादियो गातोय. संथ होत होत, आणखी संथ...

मी आर्सेसियोकडे पाहिलं. मान खुर्चीवर टेकली होती. मग माझं डोकं एवढंच चाललं, मी बोट थाळीच्या कडेला लावलं आणि हातानं फिरवायला लागले. घाबरून जोरात फिरवली. माझ्या हाताला, पायाला एकच वेग ठाऊक आहे, पंचेचाळीसचा. सुईतून तो जुना बारीक, चपळ आवाज यायला लागला, आणि आर्सेसियोच्या गालांवर रंग आला! त्यानं डोळे उघडले. त्याचा पाय जमिनीवर ठेका धरायला लागला. माझा म्हातारा, माझा फारोलमधला पोरगा. मला रडू फुटलं. मी म्हटलं, दिवे येईपर्यंत फिरवीन, आयुष्यभर फिरवीन, बोट झिजलं तरी चालेल.

"मेल्बा..." तो म्हणाला, "हळू."

"गप्प बस. हळू केलं तर जाशील."

"हळू कर. त्याच्या वेगानं... मला त्याच्याशी बोलायचंय."

मी ऐकलं नाही, फिरवत राहिले. तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं आणि जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. फारोलला ती रेकॉर्ड पहिल्यांदा आली तेव्हा खोकं त्यानंच उघडलं होतं, आणि रिकाम्या नाचघरात एकट्यानं ऐकली होती. तेहतीसवर. "हाच आवाज होता, मेल्बा. तो दारातून आत आला, बोलला, तेव्हाच मी ओळखला होता."

"मग का रे?"

सुई किणकिणत होती.

"लोक माझ्या वेगावर नाचायचे..." एवढंच म्हणाला. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "कर हळू. म्हातारे, एकदाच."

काय करायला हवं होतं मी? तू सांग. तो मागत होता. जन्मात त्यानं माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी बोट सैल केलं.

थाळी तेहतीसवर आली. आवाज खोल झाला. आर्सेसियो पुढे वाकला, पार सुईजवळ, आणि म्हणाला, "मास्तर, तुम्हीच होतात. मला ठाऊक होतं. माफ करा."

गाणं मध्येच थांबलं. सुई रेकॉर्डवर होती, थाळी फिरत होती, पण गाणं नाही. त्या डासाएवढ्या आवाजात कोणीतरी खाकरलं. मग एक लांब श्वास... तो सुईतून आला नाही, पोरी. तो माझ्या मानेजवळ आला. माझं बोट थाळीवरून केव्हाच निघालं होतं. वीज नव्हती. थाळी फिरतच होती, एकसारखी, आणि ती मंदावत नव्हती.

दिवे आले तेव्हा ती थांबली. दिवे आल्यावर, लक्षात घे.

आर्सेसियो खुर्चीत सरळ बसला होता. मी मनगट धरलं, ठोके भरभर, स्वच्छ, तरुण माणसासारखे. मला इतका आनंद झाला की मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यानं माझ्याकडे सावकाश पाहिलं आणि जाड, खोल आवाजात म्हणाला, "थोडं पाणी मिळेल का, बाई?"

बाई! अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला, मला तो कधी बाई म्हणाला नाही. म्हातारे म्हणाला, भांडकुदळ म्हणाला, लाडात आला तर कबुतरा म्हणाला.

सोमवारी डॉक्टरणीनं पाठ थोपटून घरी पाठवलं, यंत्राची गरजच नाही म्हणाली. आवाजाचं विचारलं तर म्हणे आजारपणात घशाच्या नसा सुजतात. सगळे खूश. मी एकटीच त्याच्यामागे लागले. आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, यामिलच्या पाठीवर तीळ कुठल्या बाजूला, माझ्या बापानं तुला काय म्हणून हाकललं, सगळं विचारलं. एकूण एक उत्तर बरोबर. पण प्रत्येक उत्तराआधी तो थोडा थांबतो. कोणाला तरी विचारून घेतल्यासारखा. नाचत नाही आता. गल्लीत कोणी नमस्कार केला की टोपी काढतो, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरतो. तूही पाहिलं असशील. तुला वाटलं असेल, काय अदब आली म्हाताऱ्यात.

मार्लेनला एकदा म्हणाले, हा तो नाही गं. ती हसली, पण ते शब्द तोंडातून गेले आणि मलाच धस्स झालं. त्या संध्याकाळी फारोलमध्ये आम्ही हेच म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत. आणि तेव्हा आम्ही चुकलो होतो. आता बरोबर असले तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

पुढचं कोणाला बोलू नकोस. गेल्या आठवड्यात तो न्हाव्याकडे गेला होता, तेव्हा मी ती रेकॉर्ड लावली. स्पीकर न लावता, बोटानं थाळी फिरवून, कान सुईशी नेऊन. सवय झालीय आता, तेहतीस बरोबर जमतो मला. एलादियोचा जाड आवाज त्यात नाही. बाजा आहे, मागचे गाणारे आहेत, आणि मध्ये, जिथे तो गायचा तिथे, चिमणीसारखा एक आवाज धडपडत सूर धरतोय. गाता कधी आलंच नाही त्याला. मग एक शिट्टी, दोन बोटांची. ती शिट्टी मी हजारांत ओळखीन. आणि मग, "म्हातारे... ऐकतेस का?"

ऐकते रे, म्हटलं मी. मोठ्यानं म्हटलं. त्याला काय ऐकू जाणार?

रोज लावत नाही मी. सुई फिरली की रेकॉर्ड झिजते, हे त्यानंच मला शिकवलं होतं. दुसऱ्यांदा लावली तेव्हा शिट्टी थोडी पुसट वाटली. ऐकायचं म्हणजे त्याला खरवडायचं. आणि न ऐकावं, तर हे बघ. ही रेकॉर्ड दिव्याजवळ धर, कडेनं धर, बोटं नको लावूस. गाणं संपल्यावर लाल कागदापर्यंत ही कोरी पट्टी असते ना, गुळगुळीत, तिथे रेघा नसतात. आता आहेत. दर दिवशी थोड्या आत सरकतात. तो काहीतरी बोलतोय अजून, आणि आता बोटभर जागा उरलीय.

दे इकडे, कपाटात ठेवू दे.

तर शनिवारचं. तो उभा राहील, टोपी छातीशी धरील, संथ आवाजात गाईल, आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल. वाजवायलाच हव्यात, इतकं सुंदर गातो. मी मात्र घरी कोणी नसताना दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकलेय. या वयात, दात नसताना. एक शिट्टी वाजली तर सगळा मांडव वाजवायला लागतो, मी पाहिलंय ते. तो परत गेला टोपी घेऊन, तर माझा म्हातारा कदाचित येईल. कदाचित दोघंही जातील. मला काही कळत नाही, पोरी, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.

मंडळाला सांग, तो गाणार आहे. आणि मला पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवा. टाळी की शिट्टी, ते मी तिथे बसूनच ठरवीन.

शू... उठू नकोस. बोलतोय काहीतरी. ऐक...

"बाई... एक नको. दोन खुर्च्या सांगा. दुसरी त्याच्यासाठी."

पोरी, ते दार तू नीट लोटलं होतंस ना?